बांधावरची बोर

इथे हिला सिद्र म्हणतात.
पहिल्या दिवशी मी एक पान उलटं करून पाहिलं,
काटा बोटात मोडून घेतला,
आणि एकटाच मोठ्याने म्हणालो, अरे, ही तर बोर!
खाली वादीत बाभळीही होत्या.
जिथे बोरी तिथे बाभळी,
एवढी म्हण पटायला ओमानपर्यंत यावं लागलं.

बांध चाळीस वर्षांचा. पोटात माती, अंगावर दगड,
तेही कुठे कुठे दात पडल्यासारखे निखळलेले.
वर्षा-दोन वर्षांनी डोंगरातून लोंढा येतो,
इथे थबकतो, गाळ टाकतो,
उरलेला खालून खालून खजुरांपर्यंत जातो.
गावात सत्तर घरं.
कंत्राटदाराच्या यादीत त्याला नाव नाही, क्रमांक आहे.

मी भेगा मोजतो.
बांधाच्या टाचेशी पाझर आहे, तिथे लव्हाळा माजलाय.
तिथलं पाणी काचेच्या बाटलीत धरून उन्हात पाहतो.
नितळ असलं तर बांधाला नुसता घाम आलाय,
गढूळ असलं तर बांध आतून निघालाय.
हे डिप्लोमात नव्हतं.
आमचे भाऊकाका कालव्यावर पाटकरी होते,
ते पाण्याकडे असे बघायचे
जसं कुणी तापलेल्या पोराच्या जिभेकडे बघावं.

शुक्रवारी नमाजानंतर पिकअप येतात.
चटया, थर्मास, कोळशाची पोती,
सोहारहून वर्कशॉपची मल्याळी पोरं,
एक बलुची ड्रायव्हर, त्याच्या चार मुली.
सगळे बोरीखाली, कारण दुसरी सावलीच नाही.
‘पोहण्यास मनाई’ तीन लिप्यांत लिहिलंय,
त्या पाटीवर पोरांचे शर्ट वाळतात.

राखणदार मुसब्बह पाटीच्या भानगडीत पडत नाही.
त्याने पाण्यावर दोरी ताणलीय, तिला तुपाचे रिकामे डबे बांधलेत:
डब्यापलीकडे गेलास तर काठी.
आणि तो चपला मोजतो.
बोरीच्या बुंध्याशी सगळ्यांनी काढायच्या, जोडीने.
येताना मोजतो, मगरिबला मोजतो,
बुंध्याशी काही उरायला नको.
एका वर्षी उरले होते म्हणे. तो पुढे बोलत नाही.

परवा उरले.
छोटे, निळे, एकावर मासोळीचं चित्र.
मुसब्बहने हाक मारली ती हाक नव्हती.
मी बुटांसकट पाण्यात.
छातीभर, मग हनुवटीभर, पायाखाली गाळ,
हाताला लागलं ते फांदी निघालं, परत फांदी,
डबे एकमेकांवर आपटत होते.
मग वरून कुणीतरी ओरडलं: सापडली, सापडली!
बलुचीची धाकटी, शम्सा,
पिकअपमध्ये चटईखाली झोपलेली, अनवाणी.
बापाने तिला आधी एक चापट दिली आणि मग सोडेचना.
मुसब्बहने ते सँडल स्वतःच्या हाताने तिच्या पायात घातले,
बंद लावताना त्याला तीनदा जमलं नाही.

फॉर्मवर प्रश्न सहावा: बांधावर वृक्ष आहेत काय?
आहे. एक.
मुळं बांधात उतरतात, मरतात, कुजतात,
जिथे मूळ होतं तिथे पोकळी,
आणि पाण्याला पोकळीचा वास लवकर लागतो.
मला हे ठाऊक आहे. पाझर बोरीच्याच रेषेत आहे.
मी ‘होय’ लिहिलं. ‘काढावा, मुळासकट’ हेही लिहिलं.

मुसब्बहला सांगितलं.
त्याने कॉफी ओतली, बराच वेळ काही नाही.
मग विचारलं: चपला कुठे काढतील?

याला फॉर्ममध्ये रकाना नाही.
म्हणून चार वाजता टेप घेऊन गेलो,
एक टोक टेकबहादूरने धरलं, त्याला वाटलं मला ऊन लागलंय.
शेऱ्यात लिहिलं:
सावली, रुंदी साडेअकरा मीटर, लांबी सोळा.
झाड काढण्याआधी बांधापासून दूर, खडकाळ काठावर
एवढीच शेड उभारावी. खाली बसायला कट्टा.

वरिष्ठ हसतील. हसू देत.
आजची बाटली नितळ आहे.
उद्या परत भरायची.